टर्पीन घातलेलं विजया तेल: पोटात किती उपयोगी, गुडघ्यावर किती

३० मिलीची तपकिरी काचेची बाटली, रबरी टोपीचा ड्रॉपर, लेबलवर ठसठशीत ‘१५०० मिग्रॅ’ आणि त्याखाली ‘फुल स्पेक्ट्रम विजया अर्क, वनस्पतिजन्य टर्पीनसह’. टर्पीन म्हणजे झाडांना वास देणारी, सहज उडून जाणारी द्रव्यं. सोबत त्याच कंपनीचा सांध्यांना लावायचा १० मिलीचा रोल-ऑन. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे अशा बाटल्या बहुतेक कुरिअरने येतात. आयुर्वेदिक औषधांच्या एखाद्या दुकानातही दिसतात. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. या प्रकारातल्या बऱ्याच बाटल्या एकाच पद्धतीने बनतात, आणि इथे जे तपासलं आहे ते कुठलीही बाटली हातात घेऊन तपासता येतं.

निकाल आधीच सांगतो. पोटात घ्यायचं तेल ठीकठाक आहे, पण टर्पीनच्या नावावर जे ४०० रुपये जास्त लावले आहेत ते वसूल होत नाहीत. रोल-ऑनमध्ये मात्र टर्पीनला खरं काम आहे. आणि यातलं काहीही एप्रिल-मेमध्ये खान्देशात मागवू नये.

विजया म्हणजे भांगेचं झाड. त्याच्या बियांचं तेल वेगळं आणि पानांचा अर्क वेगळा, हे विकत घेण्याआधी पक्कं करून घ्या. बियांच्या तेलात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ भरपूर असतात, पण सीबीडी (या झाडातला नशा न आणणारा औषधी घटक) आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) जवळजवळ नसतात आणि टर्पीनही नाममात्र. ते खाण्याचं तेल आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये हेम्पचं (म्हणजे भांगेच्याच झाडाचं) बी, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. हेच तेल ‘हेम्प ऑइल’ म्हणून गुडघेदुखीवर, झोपेवर विकलं जातं आणि लोक अर्क समजून महिनोन्‌महिने घेत राहतात. घटकांच्या यादीत फक्त ‘सीड ऑइल’ असेल तर त्यात अर्क नाही, एवढं ओळखायला दहा सेकंद पुरतात. अर्काच्या बाटलीवर ‘विजया पत्र’ असा झाडाचा भाग लिहिलेला हवा, आयुर्वेदिक औषधाचा लायसन्स नंबर हवा, आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापलेली हवी. भांग औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात येते, म्हणून ही सूचना सक्तीची आहे. या बाटलीवर तिन्ही गोष्टी आहेत. त्याबद्दल पूर्ण गुण.

आता पानंच का? १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा धरला आहे. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून आपल्याकडचा कायदेशीर अर्क पानांचा असतो. टर्पीन बाहेरून घालावं लागतं त्याचं कारण इथेच आहे. झाडाचा सुगंध राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतो. या ग्रंथी फुलोऱ्यावर दाट असतात, पानावर विरळ. त्यात पानं वाळताना थोडा वास जातो, अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क आटवताना आणखी जातो, आणि शेवटी अर्क ११०-१२० अंशांवर तासभर तापवताना उरलेली हलकी टर्पीनं बहुतेक उडतात. हे तापवणं टाळता येत नाही, कारण ताज्या पानात सीबीडी आम्लरूपात असतं आणि उष्णतेनेच त्याचं सीबीडी होतं. हाती राहतो तो गवतासारखा उग्र, कडवट वासाचा गडद अर्क. मग लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, मिरी-लवंगेतलं कॅरियोफिलीन, धण्यातलं किंवा लॅव्हेंडरमधलं लिनालूल मोजून मिसळतात. निम्मा हेतू चव-वास सुधारण्याचा असतो. ‘फुल स्पेक्ट्रम’ वाचून झाडातलं सगळं जसंच्या तसं बाटलीत उतरलं असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात सुगंधाचा मोठा वाटा दुसऱ्याच झाडांचा असतो. लेबलवर ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द आहे, म्हणजे कंपनीने लपवलेलं नाही, पण तो सगळ्यांत बारीक अक्षरांत आहे.

लेबलवरचे १५०० मिग्रॅ हे अर्काचं वजन आहे, सीबीडीचं नाही. अर्कात मेण, हरितद्रव्य, स्निग्धांश सगळं येतं. बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की लॅबचा रिपोर्ट उघडतो. त्यात एका मिलीत सीबीडी १८ मिग्रॅ आणि टीएचसी ९ मिग्रॅ आहे. म्हणजे पूर्ण बाटलीत सीबीडी ५४० मिग्रॅ आणि टीएचसी २७०. पाश्चात्त्य देशांतल्या हेम्प तेलांबद्दल वाचून ‘यात नशेचा घटक नसतोच’ असं समजणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. आपल्याकडच्या विजया अर्कात टीएचसी चांगलंच असू शकतं. कंपनीच्या माहितीपत्रात पहिल्याच दिवशी अर्धा मिली घ्यायला सांगितलं आहे. त्यात टीएचसी साडेचार मिग्रॅ होतं. टीएचसीचं जे औषध परदेशात डॉक्टर लिहून देतात, त्याची सुरुवात अडीच मिग्रॅने करतात. तेव्हा नवख्याने पाव मिलीच्या वर सुरुवात करू नये, आणि वैद्यांनी लिहून दिलेलं प्रमाण त्याहून कमी असेल तर तेच पाळावं. माहितीपत्रातली ही चूक आम्हाला या बाटलीतली सर्वांत गंभीर उणीव वाटते.

दुसरी उणीव ड्रॉपरची. त्यावर पाव-अर्धा अशा खुणाच नाहीत, ‘१५ थेंब’ असं मोघम सांगितलं आहे. थेंबाचा आकार तेलाच्या दाटपणावर आणि नळीच्या तोंडावर ठरतो. उन्हाळ्यात पातळ झालेलं तेल आणि डिसेंबरातलं घट्ट तेल यांचे थेंब सारखे पडत नाहीत. मेडिकलमधून एक मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. इन्सुलिनची नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि घोटाळा होतो.

रिपोर्टात टर्पीनचं वेगळं पान आहे, ही चांगली गोष्ट. बऱ्याच कंपन्या तेवढंही देत नाहीत. एकूण टर्पीन ०.९ टक्के. त्यात कॅरियोफिलीन ०.४२, लिमोनीन ०.३१, लिनालूल ०.१२, बाकी मर्सीन वगैरे किरकोळ. तपासणीची पद्धतही बघावी. टर्पीन उडणारी असल्यामुळे ती गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे नमुन्याची वाफ करून, मोजतात. सीबीडी-टीएचसीसाठी मात्र एचपीएलसी, म्हणजे द्रावणातच मोजण्याची पद्धत, हवी, कारण गॅसच्या यंत्रात नमुना तापतो आणि आम्लरूपातला भाग तिथेच सीबीडी होऊन आकडा फुगतो. इथे दोन्ही पद्धती बरोबर वापरल्या आहेत. जड धातूंची तपासणीही आहे. ती नसेल तर बाटली घेऊच नये, कारण हे झाड जमिनीतलं शिसं, कॅडमियम सहज ओढून घेतं. बॅच नंबर बाटलीच्या तळाशी आणि रिपोर्टवर एकच हवा. जुन्या बॅचचा रिपोर्ट नव्या बाटलीला चिकटवणं हा या धंद्यातला सर्रास प्रकार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट: ही टर्पीनं अर्काला साथ देतात का? ‘आँतुराज इफेक्ट’, म्हणजे द्रव्यं सोबत असली की एकमेकांचा परिणाम वाढवतात, हा शब्द सगळ्या जाहिरातींत असतो. तो १९९८ मध्ये इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या गटाच्या संशोधनातून आला, आणि त्या वेळी तो शरीरातच तयार होणाऱ्या एका द्रव्याबद्दल आणि त्याच्या सोबतच्या रेणूंबद्दल होता. झाडातल्या टर्पीनना तो लावून दाखवणारी सविस्तर मांडणी अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ एथन रुसो यांनी २०११ मध्ये केली. मांडणी चांगली होती, पण तिथे बरंच काही शक्यता म्हणून लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेहमीची टर्पीनं घेऊन प्रयोगशाळेतल्या पेशींवर पाहिलं, तर सीबी-१ आणि सीबी-२ या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ज्या जागी ही द्रव्यं चिकटतात त्यांवर) टीएचसीच्या कामात त्यांनी काही फरक पडला नाही. उलट बाजूला २०२४ मधला जॉन्स हॉपकिन्सचा प्रयोग आहे: २० निरोगी माणसांना टीएचसी वाफेतून दिलं, सोबत लिमोनीन दिलं, आणि ३० मिग्रॅ टीएचसीबरोबर १५ मिग्रॅ लिमोनीन असताना अस्वस्थता, भीती कमी झाली. हा माणसांवरचा नेमका पुरावा आहे, पण वाफेतून दिलेल्या आणि मोठ्या मात्रेचा. या तेलाच्या अर्ध्या मिलीत लिमोनीन दीड मिग्रॅच्या आसपास येतं, तेही पोटातून.

कॅरियोफिलीनची गोष्ट थोडी वेगळी. ते सीबी-२ रिसेप्टरला स्वतः जाऊन चिकटतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. सीबी-२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो, म्हणून त्यातून नशा येत नाही, सूज कमी होण्याची शक्यता असते. त्याच कामात उंदरांना किलोमागे ५ मिग्रॅ तोंडाने दिल्यावर पायाची सूज कमी झाली, आणि ज्या उंदरांत सीबी-२ नव्हता त्यांत झाली नाही. म्हणजे कारण आणि परिणाम यांचा धागा स्पष्ट आहे. उंदराच्या मात्रेचं माणसासाठी जे नेहमीचं रूपांतर करतात त्याने ६० किलोच्या माणसाला सुमारे २४ मिग्रॅ येतं. अर्ध्या मिलीत कॅरियोफिलीन आहे दोन मिग्रॅ.

हे दोन मिग्रॅ किती, ते खान्देशातल्या स्वयंपाकघरात मोजता येतं. काळ्या मिऱ्यात उडणारं तेल साधारण दोन-तीन टक्के, आणि त्यातलं पाव हिस्सा धरला तर एका ग्रॅम मिऱ्यात पाच-सहा मिग्रॅ कॅरियोफिलीन. एक ग्रॅम म्हणजे वीस-पंचवीस दाणे. तेव्हा बाटलीतला अर्धा मिली म्हणजे आठ-दहा मिरे. लवंगेत त्याहून जास्त तेल असतं, कॅरियोफिलीनचा वाटा मात्र कमी. धण्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनालूल. आपला काळा मसाला ज्या घरात रोज वापरला जातो तिथे शेवभाजीच्या एका वाटीतून ही द्रव्यं पोटात जातच असतात. भाजताना बरीच उडतात हे खरं, मसाला भाजताना गल्लीभर वास येतो तो त्यांचाच, तरी राहतात. म्हणून ४०० रुपयांचा हिशेब जुळत नाही. ज्यांना अर्काचा गवताळ वास अजिबात सोसत नाही त्यांनी हवं तर वासासाठी हे पैसे द्यावेत. औषधी जोड म्हणून देऊ नयेत.

अर्क नीट पोचायचा असेल तर टर्पीनपेक्षा जेवणाचा परिणाम कितीतरी मोठा आहे. सीबीडीचं जे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी मंजूर झालं, त्याच्या अधिकृत माहितीनुसार तूप-तेलाच्या जेवणासोबत घेतल्यावर रक्तात पोचणारं प्रमाण उपाशीपोटाच्या सुमारे चौपट होतं. कळण्याची भाकरी आणि तेलाचं भरीत खाऊन लगेच घेतलं तर उत्तम. चहाबरोबर रिकाम्या पोटी घेतलं तर बरंचसं वाया. मात्र रोज एकाच पद्धतीने घ्या. आठवडाभर उपाशीपोटी घेणारा माणूस एके दिवशी भरीत-पुरीच्या पंगतीनंतर तेवढंच घेईल, तर त्याला ते अचानक जास्त लागेल. पोटातून घेतलेल्या तेलाचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून तासाभरात दुसरा डोस घेणं हेच बहुतेक गडबडींचं कारण असतं: गरगरणं, तोंड कोरडं पडणं, छातीत धडधड. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. पारोळा-एरंडोल रस्त्यावर रात्रीची ट्रकची वर्दळ असते; संध्याकाळी घरी परतल्यावरच घ्या.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि कुरिअरच्या बंद गाडीत, पत्र्याच्या गोदामात त्याहून बराच वर. बाटली घट्ट बंद असली तर टर्पीन उडून जात नाहीत, पण उष्णतेत आणि बाटलीतल्या रिकाम्या जागेतल्या हवेत ती बिघडतात. लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइड बनवतात, आणि ही द्रव्यं त्वचेला ॲलर्जी आणणारी म्हणून चांगली परिचित आहेत. मर्सीन चिकट होतं. कॅरियोफिलीन जड असल्याने जास्त तग धरतं. शिवाय लिमोनीन रबर फुगवतं: ड्रॉपरची टोपी मऊ, चिकट लागू लागली किंवा काचेच्या नळीवरून सैल झाली, तर बाटली आडवी राहिली आहे किंवा तापली आहे. अशी टोपी बदला, आणि तिच्या काळ्या खुणा तेलात उतरल्या असतील तर बाटली टाकून द्या.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सांगतो. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि लगेच वास घ्या. ताज्या तेलात आधी लिंबाचा झणझणीत वास येतो. पंख्याखाली तासा-दोन तासांत तो विरतो आणि मागे मिऱ्याचा, लाकडासारखा कोरडा वास राहतो. हा दुसऱ्या दिवशीही येतो. सुरुवातीलाच लिंबाऐवजी टर्पेंटाइनचा, रंगाच्या डब्याचा वास आला तर लिमोनीन बिघडलं आहे. कागदावरच्या तेलकट डागाला खवट शेंगदाण्याचा वास येत असेल तर खालचं तेलच गेलं. या बाटलीत आधाराचं तेल तिळाचं आहे, ते बऱ्यापैकी टिकतं. काही कंपन्या हेम्पच्या बियांचं तेल आधाराला वापरतात; ते फार लवकर खवट होतं, आपल्या हवेत तर नकोच.

बाटली फ्रिजच्या दारात उभी ठेवा. काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा, नाहीतर आत दमट हवा जाऊन पाणी साचतं. उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा. रोज पाव मिली घेणाऱ्याला ३० मिली चार महिने पुरते, म्हणजे शेवटचा भाग शिळाच घेतला जातो. १० मिलीची बाटली महाग पडली तरी शहाणपणाची. हिवाळ्यात तळाशी स्फटिक दिसले तर घाबरू नका. दाट सीबीडीच्या तेलात ते होतं. हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात बाटली उभी धरा, स्फटिक विरघळतील. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही.

आता रोल-ऑन. तिळाचं तेल, विजया अर्क, मेन्थॉल, कापूर, गंधपुऱ्याचं तेल, लिमोनीन. लावताक्षणी जो थंडावा जाणवतो तो मेन्थॉल-कापराचा, अर्काचा नव्हे. दहा रुपयांच्या बामनेही तेवढा मिळतो. पण टर्पीनचं इथलं काम वेगळं आहे. त्वचेच्या सगळ्यात बाहेरच्या थरात पेशींच्या मधे चरबीचे पापुद्रे असतात. मेन्थॉल, लिमोनीन, निलगिरीतलं सिनिओल ही टर्पीनं ते पापुद्रे सैल करतात आणि दुसऱ्या औषधाला आत जायला वाट देतात. त्वचेतून औषध पोचवण्याच्या संशोधनात हे खूप वर्षांपासून वापरात आहे. सीबीडी स्निग्ध असल्याने त्याच थरात अडकून राहतं, म्हणून त्याला ही मदत लागते. पोटात घेतलेल्या तेलात जी जोडी कागदावर राहते, ती इथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. मान, मनगट, गुडघा, बोटांचे सांधे अशा वरवरच्या जागांसाठी घ्यायला हरकत नाही. कंबरेच्या खोल दुखण्याला त्यातून फार काही पोचत नाही.

लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघा. जखमेवर, पुरळावर लावू नका. गंधपुऱ्याचं तेल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढवतं, म्हणून ती गोळी चालू असेल तर हा रोल-ऑनही डॉक्टरांना विचारूनच. एक प्रश्न कंपनीला ईमेलने विचारावा: यात लिंबाचं तेल आहे का, आणि असेल तर दाबून काढलेलं की उर्ध्वपातनाने? दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात काही द्रव्यं अशी असतात की ती लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, डाग राहतात. केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसासाठी ही बाब बारीक नाही. या कंपनीचं उत्तर आलं: फक्त शुद्ध लिमोनीन वापरलं आहे. ते ठीक. तरी रात्री लावणं बरं.

टर्पीन नसलेलं स्वस्त तेल घेऊन घरीच सुगंधी तेल मिसळावं असा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. फक्त लावण्यासाठी असेल तर करता येईल: ३० ग्रॅम तेलाला ०.३ ग्रॅम, म्हणजे एक टक्का, त्याहून जास्त नाही. वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. सोन्याच्या बाजारपेठेत, जळगावला, तो सहज मिळतो. आधी थोड्या तेलात सुगंधी तेल घोळवा, मग उरलेल्यात ओता, काचेचीच बाटली वापरा. पूजेच्या दुकानातलं ‘लॅव्हेंडर’ किंवा ‘लिंबू’ हा बहुतेक कृत्रिम सुगंध असतो, तो नको. आणि पोटात घ्यायच्या बाटलीत घरी काहीही मिसळू नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेले, घरात मानसिक आजाराचा इतिहास असलेले, यांनी हे पोटातलं तेल घेऊ नये. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइम्सवर काम करतं त्यांवरच वॉरफरीन, अपस्मारावरचं क्लोबाझाम अशी औषधंही अवलंबून असतात. रक्तातली त्यांची पातळी वाढते. अपस्माराच्याच व्हॅल्प्रोएट या औषधाबरोबर यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. आयुर्वेदिक आहे म्हणून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना सांगायची गरज नाही, असं समजू नका. चालू गोळ्यांची पट्टी आणि लॅब रिपोर्टची प्रिंट, दोन्ही घेऊन जा.

कंपनी ऑर्डरच्या वेळी फोनवर वैद्यांचा सल्ला देते आणि चिठ्ठी पाठवते. आमच्या मते पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात चालू औषधांचा प्रश्न विचारला जायलाच हवा. तो विचारला गेला नाही तर गिऱ्हाइकाने स्वतः काढावा. चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबत ठेवा, तेल दुसऱ्या बाटलीत ओतू नका, आणि परदेश प्रवासात तर ही बाटली सामानात अजिबात नको. आखाती देशांत यावर कडक शिक्षा आहेत. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात सील, बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट दिसू द्या. पुरळ, उलट्या, जास्त गुंगी असं काही झालं तर तेल बंद करा, बाटली फेकू नका, आणि वैद्यांना त्याची नोंद आयुष मंत्रालयाच्या दुष्परिणाम नोंदणीत करायला सांगा. नोंदीत बॅच नंबर आवर्जून घालायला लावा.